अर्धा कोप पाणी

डॉक्टरीणबाईंनी माझी वही मागितली तेव्हा मला अभिमान वाटला होता, हे आधीच सांगून टाकते. छत्तीस वर्षं मराठी प्राथमिक शाळेत शिकवलं मी. माझ्या वहीला समास असतो, तारीख लाल शाईत असते आणि खाडाखोड नसते. माझ्या जावेने किती वाजता काय खाल्लं, कुठली गोळी घेतली, किती पाणी प्यायली, किती वेळा लघवीला गेली, सगळं त्यात होतं. डॉक्टरीणबाई पानं उलटत होत्या आणि मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून शाबासकीची वाट बघत होते. वय वर्षं बासष्ट, तरी.

त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "पाणी कमी कोणी केलं?"

याचं उत्तर द्यायचं तर श्रावणापासून सुरुवात करावी लागेल.

ही जाऊ म्हणजे आमच्या सर्वण गावच्या घरातली थोरली सून. मी तिला वयनी म्हणायचे. आम्ही दोघी पेडणे तालुक्यातल्या, पण ती मोरजीची, दर्याकाठची, आणि मी पेडण्याच्या बाजारातली. त्यामुळे मासळीतलं सगळं तिला कळतं आणि बाकीचं सगळं मला कळतं असा माझा समज आहे, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. सगळा गाव मला बाई म्हणतो. ती एकटी टीचर म्हणायची, तेही अशा सुरात की वर्गातल्या कुणी म्हटलं असतं तर मी कान उपटला असता. तीस-बत्तीस वर्षं आम्ही एका चुलीवर शिजवलं आणि भांडल्याशिवाय एक आठवडा गेला नाही. भांडण झालं की ती माझ्या ताटात माशाचा मधला तुकडा वाढायची. तो मी मुकाट्याने खाल्ला की मिटलं.

चार वर्षांपूर्वी तिच्या उजव्या छातीत गाठ निघाली. पणजीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले आणि परत आले ते कुरळे आले. त्याचं तिला भारी कौतुक होतं. मग गेल्या वर्षी पाठ दुखायला लागली. तपासणीत कळलं की आजार मणक्यात आणि खुब्याच्या हाडात उतरलाय. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, हा आता जाणार नाही, पण रोखून धरता येईल. रोजची एक गोळी, हाडांसाठी महिन्याला एक इंजेक्शन आणि त्याच्या जोडीला दिवसाला एक कॅल्शियमची गोळी. थोरले दीर, त्यांना मी दादा म्हणते, खाणीवर मशीन चालवून रिटायर झालेले. मुळातच कमी बोलणारे, ते आणखी गप्प झाले. त्यांचा मुलगा पणजीला नोकरीला. माझे यजमान डिचोलीच्या बाजारातलं दुकान सांभाळतात, या गोष्टीत ते फारसे येत नाहीत. तेव्हा वयनीची जबाबदारी आपसूक माझ्याकडे आली आणि मी ती आनंदाने घेतली. शाळा सुटल्यापासून हुकूम सोडायला माझ्याकडे कुणी नव्हतं.

श्रावण लागला आणि तिचं जेवण तुटलं. दोन घास खायची आणि ताट सरकवायची. आमच्याकडे श्रावणात मासळी बंद. मोरजीच्या बाईला महिनाभर डाळ-भात आणि अळूची भाजी घातल्यावर तिच्या तोंडाला चव कशी राहणार, असं मी म्हटलं, दादांनी मान डोलावली आणि तो विषय तिथेच संपला. पोट साफ होईना, तेही श्रावणावरच ढकललं. मळमळायला लागलं तेव्हा मात्र मला वाटलं की हाडं कमकुवत झाल्याने अंगात ताकद नाही. कॅल्शियमची गोळी एकाच्या जागी दोन केली. कुणाला विचारलं नाही. हाडांसाठीच तर आहे, असं मनाशी म्हटलं. शिवाय रोज सकाळी नाचणीचं तिझण, म्हणजे नारळाचा रस आणि गूळ घालून शिजवलेली घट्ट पेज, आणि संध्याकाळी दूध. "दूध प्या, हाडं बळकट होतील," हे वाक्य मी वर्गात इतक्या वेळा फळ्यावर लिहिलंय की माझा त्याच्यावर देवाइतकाच विश्वास होता.

हाडांच्या इंजेक्शनची तारीख चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या आठवड्यात येत होती. घरात सफाई, माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या छताचं सामान, नेवऱ्या म्हणजे आमच्या करंज्या, आणि त्यात पणजीला एक अख्खा दिवस घालवायचा. मी फोन करून तारीख पुढची घेतली. वयनीनेही हो म्हटलं. चवथ होऊ दे, मग काय ते बघू, हे वाक्य आमच्याकडे गळू झालेला माणूसही म्हणतो आणि छातीत कळ येणाराही.

आणि मग तहान सुरू झाली. अशी तहान मी कधी बघितली नाही. ती उठता-बसता पाणी प्यायची. कळशीतून तांब्यात, तांब्यातून तोंडात, कोपात ओतायचीही सवड नाही. कोप म्हणजे आमच्याकडचा काचेचा ग्लास. घरात सहा होते आणि ती मोठ्या मानाने पाहुण्यांना त्यातून पाणी द्यायची. आता तीच तांब्या तोंडाला लावून पीत होती. प्यायली की थोड्या वेळाने लघवीला, आली की परत पाणी. मी गावच्या दवाखान्यात जाऊन साखर तपासून आणली. तिथे मी फक्त साखर बघा म्हटलं, दुसरं काहीच सांगितलं नाही. साखर बरी आली. मग ही तहान कसली? मी ठरवून टाकलं की ही सवय आहे, चाळा आहे, आजारपणात माणूस हट्टी होतो तसं काहीतरी.

चवथीच्या दोन दिवस आधी आम्ही नेवऱ्या करायला बसलो. वयनीच्या नेवरीची मुरड अशी की शेजारच्या बायका बघायला यायच्या. दोरीला पीळ घालावा तशी एकसारखी. मी लाटत होते, ती भरून मुरड घालणार होती. बराच वेळ काही बोलली नाही म्हणून मी बघितलं. हातात अर्धी मिटलेली नेवरी होती आणि ती तिच्याकडे अशी बघत होती की हे काय आहे आणि आपल्या हातात कसं आलं. सारण तिच्या मांडीवर सांडलं होतं. मी नेवरी तिच्या हातातून घेतली आणि म्हटलं, दमलीस, जा पड. ती उठली आणि गेली. मुरडीचं काम मी केलं, ते वाईट झालं आणि मी दिवसभर त्याच्यावर चिडत राहिले. माझं लक्ष नेवऱ्यांकडे होतं.

आता आमच्या घराची एक गोष्ट सांगायला हवी. चार वर्षांपूर्वी, वयनीच्या ऑपरेशनच्या वेळी, आम्ही घरात नवं बाथरूम बांधून घेतलं. जागा एकच होती, ते गणपतीच्या खोलीच्या भिंतीला लागून आलं. त्यामुळे चवथीचे पाच दिवस त्याला कुलूप असतं आणि घरची सगळी माणसं मागच्या अंगणातल्या जुन्या संडासात जातात. हा नियम माझा. देव भिंतीच्या अलीकडे आणि आपण भिंतीच्या पलीकडे संडासात, हे मला पटत नाही. जुन्या संडासाला जायचं तर मागच्या तीन पायऱ्या उतरायच्या, पोफळींमधून चिखलात चालायचं, परत येऊन पाय धुवायचे आणि लुगडं बदलून मगच स्वयंपाकघरात पाय टाकायचा. हाही नियम माझाच. मांय, म्हणजे आमची सासू, बारा वर्षांपूर्वी वारली. ती कडक होती, पण तिनेही एवढं केलं नसतं, असं वयनी मला तोंडावर सांगायची आणि तरी पाळायची.

चवथीच्या दिवशी दुपारपर्यंत ती त्या पायऱ्या सात-आठ वेळा उतरली आणि चढली. मणक्यात आजार असलेली बाई. प्रत्येक वेळी कमरेवर हात, तोंडातून शब्द नाही आणि अंगावर नवं लुगडं. सातव्या वेळी ती पायरीवर बसून राहिली. मी धावले, तिला उठवलं आणि उठवता उठवता माझ्या डोक्यात उपाय आला. मला उपाय फार पटकन सुचतात, शाळेत त्यासाठी नावाजलेली होते मी. पाणी कमी केलं की लघवी कमी, लघवी कमी की पायऱ्या कमी, पायऱ्या कमी की दुखणं कमी. कुलूप काढणं हाही एक उपाय होता. तो मला सुचला नाही.

मी वेळापत्रक केलं. वहीतच, समास आखून. दिवसातून पाच वेळा अर्धा कोप पाणी. तिच्या खोलीतली कळशी उचलून स्वयंपाकघरात नेली. जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, कट्ट्यावर ती तांब्या ठेवायची, तोही नेला. आणि गोळ्यांच्या रकान्यात कॅल्शियमच्या पुढे दोन बरोबरच्या खुणा केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या खोलीत गेले तर ती जागी होती. ओठ सुकून पापुद्रे सुटले होते. माझ्याकडे बघून हसली, पण ते माझ्यासाठीचं हसणं नव्हतं. जरा भिऊन, जरा आर्जवाने म्हणाली, "मांय, इल्लें उदक दी गे. तान लागल्या."

मला ती सासू समजत होती. मी म्हटलं, अगं मी आहे, मी. तिने ऐकल्यासारखं केलं आणि पुन्हा मांय म्हणून पाणी मागितलं. मी घड्याळ बघितलं. पुढच्या अर्ध्या कोपाला अजून सव्वा तास होता. मी म्हटलं, आता नाही, थोड्या वेळाने. हे मी सौम्यपणे म्हटलं, शपथेवर सांगते. पण नाही म्हटलं. तिने मान वळवून भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी ती मला दिवसभर मांय म्हणत राहिली आणि मी दिवसभर नाही म्हणत राहिले. घरात पाहुणे होते, मोदक होते, मी ये-जा करत होते. झोप झाली नाही म्हणून बरळते, असं मी पाहुण्यांना सांगितलं. एका मावशीने देवचाराला, म्हणजे गावच्या राखणदाराला, नारळ ठेवायला सांगितला. मी त्यांना जरा तुसडेपणाने म्हटलं की आमच्याकडे असल्या अंधश्रद्धा नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारची आरती. आमच्याकडे आरतीला घुमट असतं, म्हणजे मातीच्या घटाला कातडं ताणून केलेलं वाद्य, शामेळ नावाचा ढोल असतो, झांजा असतात. वाड्यावरचे, आमच्या वस्तीतले, सगळे येतात आणि घराची कौलं हलतील असा आवाज होतो. वयनी दाराशी खुर्चीत बसली होती. तिचा मुलगा आरती म्हणता म्हणता थांबला आणि आईकडे गेला. ती झोपली होती. घुमटापासून चार हातांवर, मान एका बाजूला, तोंड उघडं. त्याने हाक मारली, हलवलं, गालावर चापट्या मारल्या. तिने डोळे अर्धे उघडले आणि परत मिटले. आरती थांबली नाही, आरती मध्ये थांबवत नाहीत, पण म्हणणाऱ्यांचे आवाज एकेक करून बारीक होत गेले.

मुलगा म्हणाला, गाडी काढतो. आणि इथे मी बोलले. माझ्या तोंडातून ते वाक्य गेलंय आणि ते परत घेता येत नाही म्हणून लिहिते. मी म्हटलं, परवा विसर्जन आहे, दोनच दिवस काढू, घरात गणपती असताना तिला काही झालं तर सुतक येईल.

सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. दादा गणपतीसमोर उभे होते, हातात निरांजन. त्यांनी ते खाली ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "गणपती फुडल्या वर्सा परत येतलो."

तिला उचलून गाडीत ठेवलं. मी वही घेतली आणि मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले.

पणजीच्या हॉस्पिटलात रक्त तपासलं, रिपोर्ट आला, डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी वही मागितली. आणि मग तो प्रश्न. पाणी कोणी कमी केलं.

"मी," असं मी म्हटलं. शाळेत चूक कबूल करणाऱ्या पोरांचा आवाज जसा निघतो तसा माझा निघाला.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि समजावून सांगितलं. हाडांत शिरलेला हा आजार हाडं पोखरतो. पोखरलेल्या हाडांतलं कॅल्शियम रक्तात उतरतं. ते प्रमाणाबाहेर गेलं की जेवण तुटतं, मळमळतं, पोट साफ होत नाही, लघवी वाढते, भयंकर तहान लागते. आणखी वाढलं की माणूस बरळतो, गुंगतो, शेवटी बेशुद्ध होतो. जीवही जातो. तहान हा चाळा नव्हता. लघवीतून जात होतं तेवढं पाणी तिचं शरीर परत मागत होतं, आणि ते मिळालं नाही तेव्हा रक्तातलं कॅल्शियम आणखी चढलं. वहीत सगळं लिहिलंय, त्या म्हणाल्या, अगदी व्यवस्थित लिहिलंय, हे आधी आणलं असतं तर मी पहिल्याच पानावर ओळखलं असतं.

मी हादरले. दुसरा शब्द नाही. कॅल्शियम म्हणजे चांगलं, ते जास्त म्हणजे आणखी चांगलं, एवढंच मला ठाऊक. ते माणसाचं डोकं फिरवतं, जीव घेतं आणि तेही बाहेरून न येता स्वतःच्याच हाडांतून निघून? कुंपणानेच शेत खाल्लं. मी चाचरत तिझणाचं विचारलं. त्या म्हणाल्या, नाचणीने काही झालं नाही, ते मनातून काढा. दुप्पट गोळ्यांचं मात्र त्यांनी मनातून काढा असं म्हटलं नाही. इंजेक्शनच्या तारखेचंही नाही. मुलगा आणि दादा तिथेच उभे होते. सगळं ऐकलं आणि दोघांनी मला एका शब्दाने टोचलं नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, एवढ्यावर हसून सोडून द्यायची ही गोष्ट नव्हती.

सलाईन लागलं. दिवस-रात्र चालू. हाडांचं इंजेक्शन दिलं. दोन-तीन दिवसांत रक्तातलं कॅल्शियम उतरायला हवं, असं त्या म्हणाल्या, पण शुद्धीवर येईलच अशी खात्री द्यायला त्या तयार नव्हत्या. आणि आली तरी आजार खूप पुढे गेलाय, हे असं परत होऊ शकतं, आता महिन्यांचा विचार करा, वर्षांचा नको.

मी तिच्या पलंगाशी बसून राहिले. मला एकच हवं होतं. तिने डोळे उघडावेत आणि मला ओळखावं. मांय म्हणत म्हणत ती गेली असती तर तिच्या लेखी शेवटच्या दिवसांत मी तिच्याजवळ नव्हतेच. आणि जी होती तिने तिला पाणी दिलं नव्हतं. बाटलीतून थेंब थेंब पाणी तिच्या हातात जात होतं आणि मी ते बघत होते. घरी पाचव्या दिवशी गणपती पोचवला, असा माझ्या यजमानांचा फोन आला. मी विचारलं, बाथरूमचं कुलूप काढलं का? ते म्हणाले, काढतो. मी म्हटलं, काढू नका, तोडा. पुन्हा लावता येता कामा नये.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने डोळे उघडले. छताकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. बराच वेळ.

"टीचर," ती म्हणाली, "तुजे केंस शें कित्याक जाल्यात? पिशें लागलां काय कितें?"

तीन दिवस मी केस विंचरले नव्हते. मी रडले, मोठ्याने रडले, नर्स धावत आली. वेड लागलंय का, असं तिने मला विचारलं होतं, तिने, मला.

आठवड्याने तिला घरी आणलं. कळशी तिच्या उशाशी, तांब्या जनेलाच्या कट्ट्यावर, बाथरूमचं दार सताड उघडं. आता मी पाणी घेऊन तिच्या मागे लागायचे आणि ती म्हणायची, पुरे गे, बेडूक करशील माझा. सगळं आधीसारखं झालं असं बघणाऱ्याला वाटलं असतं. पण माणसं भेटायला यायला लागली आणि तिने त्यांना एक गोष्ट सांगायला सुरुवात केली.

आजारात मला मांय दिसली, ती सांगायची. पांढरं लुगडं नेसलेली, दारात उभी. मी पाणी मागत होते आणि ती म्हणत होती, आता नाही. तीन दिवस माझा जीव कासावीस झाला, पण तिला दया आली नाही. मेल्यावरही ती कडकच राहिली बघा. ऐकणाऱ्या बायका च्-च् करायच्या. एकीने सांगितलं की सासूचं काहीतरी राहून गेलं असेल, महालयात, पितृपक्षात, नीट वाडी म्हणजे तिच्या नावाचं पान दाखवा. बारा वर्षांपूर्वी गेलेली बाई, जिने हयातीत भिकाऱ्यालाही ताक दिल्याशिवाय दारातून पाठवलं नाही, तिची वाड्यावर बदनामी चालली होती आणि मी पाहुण्यांना चहा देत होते. दादा बाहेर सोप्यावर, ओसरीत, बसून ऐकत असायचे. एकदा आमची नजरानजर झाली आणि त्यांनी ती काढून घेतली.

दोन आठवडे मी असे काढले. माझ्यासारख्या बोलभांड बाईच्या तोंडातून शब्द निघेना.

मग एका संध्याकाळी पाहुणे गेल्यावर ती मला म्हणाली, "तूं थंय आशिल्लें जाल्यार दितलें आशिल्लें गे. तूं म्हाका उदक दिना जावचें ना." तू तिथे असतीस तर दिलं असतंस. तू मला नाही म्हटलं नसतंस. हे तिने अगदी सहज म्हटलं, माझ्या हातातली कपबशी घेता घेता.

मी खाली तिच्या पायाशी बसले.

"ती मांय न्हय, वयनी," मी म्हटलं. "ती हांव आशिल्लें."

आणि सगळं सांगितलं. कळशी मी उचलली, तांब्या मी नेला, घड्याळ बघून नाही म्हटलं ते मीच. कुलूप, गोळ्या, इंजेक्शनची तारीख. सुतकाचं वाक्यही सांगितलं, ते तिला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून. ती ऐकत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघू शकत नव्हते, पायांकडे बघत होते. पाय सुजले होते, जोडवी रुतली होती.

मग तिचे पाय हलायला लागले. मी वर बघितलं तर ती हसत होती. आवाज न करता, पाठ दुखते म्हणून कमरेवर हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"म्हणजे मांयक म्यां फुकट नांवां दवरलीं," ती म्हणाली. "आतां हांव वयर वचून तिका कितें सांगूं?"

वर जाऊन तिला काय सांगू. वर जाणार हे तिलाही ठाऊक होतं, मलाही. मी तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. तिने माझ्या डोक्यावर टपली मारली, हलकी नव्हे, लागेल अशी.

"एक आयक," ती म्हणाली. "निमाणें उदक म्हाका तूं घाल. आनी मेजूं नाका."

शेवटचं पाणी तू घाल, आणि मोजू नको. त्या रात्री जेवताना तिने माझ्या ताटात बांगड्याचा मधला तुकडा वाढला. तिच्या ताटात शेपटी होती. मी तो मुकाट्याने खाल्ला.

दुसऱ्या दिवसापासून येणाऱ्याजाणाऱ्याला ती नवी गोष्ट सांगू लागली, की मांय स्वप्नात आली आणि तिने हंडाभर पाणी पाजलं. बायकांना काही कळेना. दादा सोप्यावर बसून पहिल्यांदा हसले.

ती माघापर्यंत राहिली. मधे एकदा तहान परत आली, त्या वेळी मी तासाभरात तिला पणजीच्या वाटेवर घातलं आणि ती बरी होऊन आली. नंतर मात्र आजार यकृतात उतरला. शेवटच्या सकाळी ती डोळे मिटून होती, श्वास थांबत थांबत येत होता. मुलाने तुळशीचं पान घातलेली वाटी हातात घेतली. पाणी मुलानेच घालायचं, रीतच तशी आहे. दादांनी ती त्याच्या हातातून घेतली आणि माझ्याकडे दिली. तिने त्यांनाही सांगून ठेवलं होतं.

चमचा होता, पण मी चमच्याने घातलं नाही. वाटीच तिच्या ओठांना लावली. थोडं आत गेलं, बाकीचं गालावरून मानेवर, मानेवरून उशीवर. वाटी संपली तेव्हा मी तांब्या घेतला. कुरळे केस भिजले, उशी भिजली, तरी मी घालत राहिले. शेवटी दादांनी माझा हात धरला.